‘डे’ला काय जुळतं? इंग्रजी राइम शोधायची घरगुती पद्धत

इंग्रजीत चार ओळी लिहायची वेळ कधीही येते. ऑफिसात कुणाचा तरी बर्थडे असतो आणि कार्डावर काहीतरी हटके हवं असतं, पोरीच्या शाळेत पोएम कॉम्पिटिशन असते आणि ‘उद्याच द्यायचीय’ हे रात्री साडेनऊला कळतं, नाहीतर मराठी रॅप लिहिता लिहिता मधेच एक इंग्रजी लाइन टाकायची हुक्की येते. पहिली ओळ झक्कास जमते. ती ‘डे’वर संपते. मग दुसऱ्या ओळीसाठी प्ले, वे, से एवढं आठवतं आणि घोडं तिथेच पेंड खायला लागतं.

वेबसाइट उघडून यादी काढता येते हे मान्य, ते पुढे सांगतेच. पण यादीतला कुठला शब्द खरंच जुळतो आणि कुठला नुसता जुळल्यासारखा दिसतो हे कळत नसेल तर यादी असूनही तीच बोंब. म्हणून आधी हाताने शोधायचं शिकूया. सगळीकडे ‘डे’ हाच शब्द घेते, पद्धत एकदा बसली की तुम्ही कुठलाही घ्या.

पायरी १: स्पेलिंग झाकून ठेवा

इंग्रजी राइम कानाची असते, डोळ्यांची नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी शोधताना सगळे स्पेलिंगच्या शेपटाकडेच बघतात. ‘लव्ह’ला ‘मूव्ह’ आणि ‘स्टोव्ह’ जोडतात कारण तिन्हीच्या शेवटी ओ-व्ही-ई आहे. आता मोठ्याने म्हणून बघा. लव्ह, मूव्ह, स्टोव्ह. तीन वेगळे स्वर आहेत, कशाचा कशाला पत्ता नाही. हाइट आणि वेट घ्या, दोन्हींच्या शेवटी ई-आय-जी-एच-टी, आपण फॉर्मवर रोज शेजारी शेजारी लिहितो, पण हाइट जुळते काइट आणि लाइटशी आणि वेट जुळतं लेट, गेटशी. सगळ्यात आगाऊ म्हणजे ओ-यू-जी-एच: थ्रू, दो, टफ, कफ, बाउ, एकच शेपूट आणि पाच उच्चार.

ह्याला कारण आहे. साधारण 1400 ते 1700 ह्या काळात इंग्रजीचे लांब स्वर सगळेच्या सगळे सरकले, आणि छपाई त्याच काळात आल्यामुळे स्पेलिंग जुन्या उच्चारावर गोठून बसलं. त्यामुळे जुन्या इंग्रजी कवितांमध्ये लव्हला प्रूव्ह जोडलेलं दिसतं, तेव्हाच्या उच्चारात ते बऱ्यापैकी जुळायचं. आपण 400 वर्षांनी लिहितोय, आपल्याला ती सवलत नाही.

आता आपला फायदा. आपल्याकडे देवनागरी आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की स्पेलिंगचा गोंधळ एका झटक्यात गळून पडतो, कारण आपण जे ऐकतो तेच लिहितो. वे, वेइंग मशीनमधला वे, दोन्ही ‘वे’. ग्रे ए-वायने लिहा नाहीतर ई-वायने, आपल्याला ‘ग्रे’च. म्हणून वहीच्या पानावर वरती मोठ्या अक्षरात लिहा: डे. आणि इंग्रजी अक्षरं ह्यापुढे थोडा वेळ लिहायचीच नाहीत.

पायरी २: शब्दाचं शेपूट कापा, पण बरोबर जागी

इथे मराठी माणूस हमखास फसतो, म्हणून जरा थांबते.

मराठीत आपण शेवटचं अक्षर बघतो. गेले, आले, झाले, रंगले. शेवटी ‘ले’ आला की काम झालं, अभंगात ओव्यांमध्ये एवढं पुरतं आणि कानाला गोडही लागतं. इंग्रजीत नियम वेगळा आहे: शब्दात जिथे जोर पडतो, त्या जोराच्या स्वरापासून शेवटपर्यंत सगळं सारखं हवं, आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन मात्र वेगळं हवं. दोन्ही अटी पाळायच्या.

‘डे’ एकाच दमाचा (म्हणजे एकाच सिलॅबलचा) शब्द आहे, जोर तिथेच, शेपूट म्हणजे नुसता लांबवलेला ‘ए’. सोपं. पण ‘संडे’ घ्या. इंग्रजीत जोर ‘सं’वर पडतो, ‘डे’ नुसता मागून फरफटत येतो. म्हणजे शेपूट ‘अंडे’ एवढं मोठं झालं. संडेला प्ले जोडलं तर इंग्रजी कानाला ते अर्धवट वाटतं, पण मंडे जोडलं की पूर्ण. नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीची (एनईसीसी) ती अंड्यांची जाहिरात आठवते ना, संडे हो या मंडे वाली? ती इतकी डोक्यात बसली कारण संडे, मंडे आणि अंडे ह्यात पहिल्या स्वरापासून सगळं तंतोतंत जुळतं, जोर पण तिन्हीकडे पहिल्याच अक्षरावर. इंग्रजीचा नियम आणि हिंदीचा कान दोन्ही खूश. (ही कमिटी पुण्याची बरं का, उगाच अभिमान.)

‘बर्थडे’चंही तेच. जोर ‘बर्थ’वर. मग पूर्ण राइम हवी असेल तर ‘अर्थडे’ एवढं जुळलं पाहिजे, आणि तसा शब्द जवळजवळ नाहीच, एक सोडून: अर्थ डे, 22 एप्रिलचा वसुंधरा दिन. एप्रिलमध्ये जन्मलेला मित्र असेल तर लॉटरी लागली म्हणायची. बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही, बर्थडेमधल्या ‘डे’वर थोडा दुय्यम जोर असतोच, त्यामुळे गाण्यात आणि कार्डावर बर्थडे-प्ले चालून जातं, कुणी पट्टी घेऊन बसत नाही. पण हे सवलतीत चाललंय हे तुम्हाला माहीत असावं.

जोर कुठे आहे ते कसं ओळखायचं? लांबच्या माणसाला हाक मारतो तसा शब्द ओढून म्हणा, जे अक्षर आपोआप लांबतं तिथे जोर. मात्र आपण मराठी लोक इंग्रजी शब्द सपाट म्हणतो, सगळ्या अक्षरांना सारखा भाव, त्यामुळे ही युक्ती दरवेळी चालत नाही. उदाहरण हॉटेल. आपण ‘हॉ’वर जोर देतो, इंग्रजीत तो ‘टेल’वर आहे, म्हणून हॉटेल जुळतं बेल, वेल, स्मेलशी. शंका आली की डिक्शनरी उघडा, उच्चाराच्या खुणांमध्ये एक बारीकशी उभी रेघ वरच्या बाजूला असते, ती ज्या तुकड्याच्या आधी असते त्या तुकड्यावर जोर. आणि काही शब्द तर दुतोंडी आहेत: प्रेझेंट म्हणजे भेटवस्तू असेल तर जोर पहिल्यावर आणि राइम प्लेझंटशी, प्रेझेंट म्हणजे सादर करणे असेल तर जोर दुसऱ्यावर आणि राइम टेंट, रेंट, वेंटशी. एकच स्पेलिंग, राइमची यादी वेगळी.

दुसरी अट, आधीचं व्यंजन वेगळं हवं. ‘डे’ला ‘टुडे’ जोडणं म्हणजे डेला डेच जोडणं, दोन्हीकडे ‘ड’ आहे. वे आणि अवे, लीव्ह आणि बिलीव्ह, हे पण त्यातलेच. मराठीत यमक अलंकाराची व्याख्याच मुळी तीच अक्षरं पुन्हा वेगळ्या अर्थाने यावीत अशी आहे, त्यामुळे आपल्याला यात काही खटकत नाही. इंग्रजी वाचकाला मात्र वाटतं की ह्याला दुसरा शब्द सुचला नाही. ‘टुडे इज युअर डे’ असल्या ओळी कार्डांवर ढिगाने छापलेल्या असतात, त्या बघून फसू नका.

पायरी ३: व्यंजनांची गाडी फिरवा

आता मजा. शेपूट हातात आहे, ‘ए’. त्याच्या पुढे एकेक व्यंजन लावत जायचं. इंग्रजीवाले ए-बी-सी-डी फिरवतात पण त्यात श, च, थ हे आवाज सुटतात कारण त्यांना स्वतःचं अक्षरच नाही. आपण सरळ आपली व्यंजनं फिरवू. ख, घ, ण, ळ असले इंग्रजीत नसलेले सोडून द्या. उरतात क ग च ज झ ट ड थ द न प फ ब म य र ल व श स ह, आणि ‘व’चे दोन प्रकार. मग जोडाक्षरं: ब्ल ब्र क्ल क्र क्व ड्र फ्ल फ्र ग्ल ग्र प्ल प्र श्र थ्र ट्र ट्व, मग ‘स’ची सगळी फौज स्क स्ल स्म स्न स्प स्ट स्व, आणि शेवटी तीन तीन व्यंजनांचे स्क्र स्क्व स्प्र स्प्ल स्ट्र. हा कागद एकदा लिहून भिंतीला चिकटवा, प्रत्येक शब्दाला हाच लागतो.

‘ए’ला लावून बघू. गे, जे, दे म्हणजे ते लोक, ने म्हणजे घोड्याचं खिंकाळणं, पे, बे, मे, रे, ले, वे, से, हे. हे दोन आहेत, एक हाक मारायचं आणि एक वाळलेलं गवत. जोडाक्षरांत ब्रे म्हणजे गाढवाचं ओरडणं, क्ले, फ्ले, फ्रे, ग्रे, प्ले, प्रे हे दोन, एक प्रार्थना आणि एक शिकार, ट्रे, स्ले पण दोन, स्टे, स्वे, स्प्रे, स्ट्रे, स्प्ले. पाच मिनिटांत पंचवीसच्या वर शब्द झाले की नाही? ज्यांचा अर्थ माहीत नाही ते ही लिहून ठेवा, नंतर डिक्शनरीत बघा. आणि जे शब्द अस्तित्वातच नाहीत, चे, श्रे, थ्रे, ते म्हणून बघितल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून मोठ्याने म्हणायचं, घरचे बघतील तर बघू देत.

पायरी ४: लांब शब्द, आणि फ्रेंच पाहुणे

एका दमाचे संपले की दोन-तीन दमाच्यांकडे या, फक्त जोर शेवटी असलेले आधी घ्या: अवे, डिले, डिस्प्ले, ओके, ओबे, अरे म्हणजे मांडणीवाला अरे, आपला हाकेचा नाही. हायवे, रनवे, सबवे, रेल्वे ह्यांचा जोर पुढे आहे, तेव्हा ते बर्थडेच्या जातीचे, सवलतीतले.

आता ज्या खजिन्याकडे नवखे लोक वळतच नाहीत तो. इंग्रजीने फ्रेंचमधून उचललेले शब्द, ज्यांच्या शेवटी स्पेलिंगमध्ये बरेचदा ‘टी’ असतो पण तो बोलत नाहीत. स्पेलिंग बघून शोधणाऱ्याला हे जन्मात सापडणार नाहीत आणि आपल्याला मात्र पाठ आहेत, कारण आपण ते ऐकूनच शिकलोय. लग्नात जेवायला काय असतं? बुफे. पाहुण्यांना स्टेजवर काय देतात? बुके. शॅम्पूचं एक रुपयाचं पाकीट? सॅशे. बघा, आपल्याकडे देवनागरीत हे आधीच ‘ए’कारान्त आहेत. शिवाय बॅले, कॅफे, क्लिशे, मॅटिनी नव्हे मॅटिने, आणि क्रोशे, ज्याला आपल्याकडे क्रोशाचं विणकाम म्हणतात.

एक बारकावा. बुफे, बॅले, कॅफे ह्यांचा जोर ब्रिटिश लोक पहिल्या अक्षरावर टाकतात आणि अमेरिकन शेवटच्या. म्हणजे अमेरिकन बोलीत हे ‘डे’शी पूर्ण जुळतात आणि ब्रिटिश बोलीत सवलतीत. आपल्याकडे? आपण सपाटच म्हणतो, आपल्याला दोन्ही चालतं.

पायरी ५: देवनागरी जिथे दगा देते

मघाशी देवनागरीचं एवढं कौतुक केलं, आता तिची खोड सांगते, कारण नुसत्या देवनागरीच्या भरवशावर राहिलात तर एका ठिकाणी दणकून आपटाल. इंग्रजीत ‘ए’ दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब घसरता. लिहायचा पेन आणि दुखणारा पेन, आपण दोन्ही ‘पेन’ लिहितो. ओला असलेला वेट आणि वजनाचा वेट. मिळणं ह्या अर्थी गेट आणि सोसायटीचं गेट. परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट. विकणं सेल, दिवाळीचा सेल. इंग्रजीत ह्या प्रत्येक जोडीतले दोन शब्द एकमेकांशी जुळत नाहीत! लिहायचा पेन जुळतो मेन, टेन, व्हेनशी आणि दुखणारा जुळतो रेन, ट्रेन, ब्रेनशी.

उपाय सोपा आहे, तुमच्या वहीत दोन खुणा ठरवा. लांब ‘ए’ असेल तर पुढे छोटा य जोडा: पेय्‌न, गेय्‌ट, डेय्. आखूड असेल तर तसाच ठेवा. दिसायला विचित्र दिसतं पण कुणाला दाखवायचं नाहीये. ही खूण केली की ‘सेड’चा घोळ पण सुटतो: से लांब आहे पण त्याचा भूतकाळ सेड आखूड, तो रेड आणि बेडशी जुळतो, पेडशी नाही. आणि ‘सेझ’ पण आखूड, त्यामुळे ‘शी सेझ’ला ‘डेझ’ जोडता येत नाही, स्पेलिंग कितीही ओरडून सांगत असलं तरी.

‘ऑ’चंही असंच आहे, हॉट आणि थॉट आपण एकाच मात्रेने लिहितो, ब्रिटिश उच्चारात पहिला आखूड आणि दुसरा लांब. पण अमेरिकेत बऱ्याच भागांत हे दोन स्वर एकच झालेत, तेव्हा गाण्यात बिनधास्त वापरा. शेवटच्या स आणि झ बद्दल मात्र कडक रहा: राइस आणि राइझ, रेस आणि रेझ, पीस आणि पीझ. आपल्याला ऐकू येतो हा फरक, फक्त लिहिताना आळस करून सगळीकडे ‘स’ लिहू नका. अनेकवचनाचा ‘एस’ तर बहुतेक वेळा ‘झ’च असतो, म्हणून डेझ जुळतं फ्रेझ, प्रेझ, गेझ, मेझशी, फेस-रेसशी नाही.

एका बाबतीत मात्र देवनागरी आपल्या मदतीला येते. बॅड आणि बेड, मॅन आणि मेन, आपल्या ‘ॲ’मुळे वेगळे लिहिता येतात. ती चंद्रकोर मनापासून वापरा.

कुठल्या देशाचं इंग्रजी?

हे एकदाच ठरवा आणि त्यावर टिकून रहा. एबीसीडीचं गाणं सगळ्यांना येतं ना, त्यात शेवटचं अक्षर ‘झी’ म्हटलं तर पुढच्या ओळींशी मस्त जुळतं, कारण गाणं अमेरिकन आहे. आपण ब्रिटिश पद्धतीने ‘झेड’ म्हणतो आणि राइमचा फज्जा उडतो, पण बालवाडीपासून म्हणत आल्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. फुलदाणीचा व्हाझ ब्रिटिश, व्हेस अमेरिकन. अगेन तर तिकडेही दोन तऱ्हेने म्हणतात, मेनशी जुळणारा आणि रेनशी जुळणारा, दोन्ही बरोबर, तुम्हाला पाहिजे तो घ्या.

‘र’बद्दल एक. ब्रिटिश बोलीत स्वरानंतरचा र गिळतात, त्यामुळे तिथे स्पोर्ट आणि कॉट म्हणजे पकडला ह्या अर्थी, हे जुळतात. आपण र ठणठणीत म्हणतो, अमेरिकन पण म्हणतात. ब्रिटिश माणसाने लिहिलेल्या ओळीत राइम सापडत नाहीये असं वाटलं तर र काढून वाचून बघा.

पायरी ६: आता वेबसाइट उघडा

हाताने यादी झाल्यावर राइमझोन उघडा, शब्द टाका, तो निकाल दमांप्रमाणे लावून देतो, एका दमाचे वेगळे, दोन दमाचे वेगळे. जवळपासच्या राइम्सचा वेगळा पर्याय पण आहे. तुमच्या यादीत नसलेले शब्द उचला. बहुतेक वेळा तुमच्याकडे साठ-सत्तर टक्के कामाचे शब्द आधीच असतात, आणि साइटवर उरलेली भरती अशी असते की जी कुणी आयुष्यात वापरत नाही.

विक्शनरीवर पण राइम्सची पानं आहेत, स्वरांप्रमाणे लावलेली.

थोडी कॉम्प्युटरची आवड असेल तर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीचा सीएमयू उच्चारकोश फुकट मिळतो, साधी टेक्स्ट फाइल, त्यात 1,34,000 च्या वर शब्द, उच्चार अमेरिकन. प्रत्येक शब्दापुढे त्याचे आवाज लिहिलेले असतात, एकूण 39 आवाजांत सगळी इंग्रजी बसवलीय. स्वराच्या मागे आकडा असतो: 1 म्हणजे मुख्य जोर, 2 म्हणजे दुय्यम, 0 म्हणजे जोर नाही. ‘डे’पुढे डी आणि मग ई-वाय-1. ‘बर्थडे’च्या शेवटी ई-वाय-2. मघाशी जे सवलतीत म्हटलं ना, ते हेच, आकड्यात. आता फाइलमध्ये ज्या ओळी ई-वाय-1 वर संपतात त्या शोधल्या की ‘डे’च्या सगळ्या पक्क्या राइम्स समोर. पायथन येत असेल तर प्रोनाउन्सिंग नावाची छोटी लायब्ररी आहे, ती हेच काम एका ओळीत करते.

चॅटबॉटला विचारलं तर तो पण यादी देतो, पण त्यात मधेच एखादा नुसता दिसायला सारखा शब्द आत्मविश्वासाने घुसवलेला असू शकतो. ‘डे’च्या यादीत ‘की’ आली तर समजा की हे स्पेलिंगवरून आलंय, ई-वाय दिसला आणि घेतला. बंदरातल्या धक्क्याला इंग्रजीत जो क्यू-यू-ए-वाय शब्द आहे तोही ए-वायवर संपतो आणि उच्चार ‘की’च आहे. शंका आली की डिक्शनरीतलं स्पीकरचं बटण दाबून ऐका, केंब्रिजवर ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाज असतात.

पायरी ७: जुळतच नाही तेव्हा

‘डे’ हा श्रीमंत शब्द आहे. गरीब शब्दही आहेत. ‘लव्ह’ केवढा मोठा शब्द, आणि राइम्स किती? अबव्ह, डव्ह, ग्लव्ह, शव्ह, संपलं, फार तर अमेरिकन ‘ऑफ’चा अव्ह असा उच्चार. म्हणून इंग्रजी प्रेमगीतांत कबुतरं आणि वरचे तारे एवढे उडत असतात, कवींना दुसरं काही सापडतच नाही हो.

मंथ, सिल्व्हर, ऑरेंज हे त्याहून कंगाल. ऑरेंजला वेल्समधला ब्लोरेंज नावाचा डोंगर जुळतो, सिल्व्हरला चिल्व्हर म्हणजे मेंढीची मादी पिल्लू, आता ह्यावर कार्ड लिहून दाखवा. आपल्याला ऑरेंजला चेंज, रेंज जुळल्यासारखं वाटतं कारण आपण ‘रेंज’ असा ठसठशीत म्हणतो, पण इंग्रजीत जोर ‘ऑ’वर आहे आणि पुढचं ‘रिंज’ असं पुसट. नागपूरकरांनी मनाला लावून घेऊ नये. मंथचं मात्र गंमत आहे: इंग्रजीत अख्ख्या भाषेत त्याला पक्की राइम नाही आणि मराठीत पंथ, ग्रंथ, संथ अशी रांग लागलीय. मिक्स भाषेत लिहिणाऱ्यांनी ही लूट करावी. ‘डे’ला पण वडे, धडे, गडे, कुणाकडे, सगळे आहेतच.

गरीब शब्दावर तीन उपाय. पहिला, तो शब्द ओळीच्या शेवटी ठेवूच नका, ओळ फिरवा आणि शेवटी श्रीमंत शब्द आणा. दहापैकी आठ वेळा एवढंच पुरतं.

दुसरा, अर्धी राइम. स्वर तोच ठेवायचा आणि शेवटचं व्यंजन भाऊबंदातलं घ्यायचं. भाऊबंद कोण हे शोधायला इंग्रजीवाले तक्ते बनवतात, आपल्याला शाळेत पाठ केलेली वर्णमाला आहे. फक्त ती आडवी न वाचता उभी वाचा. पहिल्या उभ्या रांगेत क च ट त प. म्हणजे लाइट, लाइक, टाइप एका घरातले. तिसऱ्या रांगेत ग ज ड द ब, म्हणून रोड, रोब, रोग चालतात. शेवटच्या रांगेत न आणि म, म्हणून टाइमला लाइन, फाइन, साइन. रॅपमध्ये निम्म्याहून जास्त काम ह्यावरच चालतं, पटकन म्हणताना शेवटचं व्यंजन कुणाला नीट ऐकू येत नाही आणि स्वराचा ठोका बरोबर बसतो.

तिसरा, दोन शब्द मिळून एक राइम. टेबलला केबल, लेबल आहेतच, पण हॅपी बर्थडेसारख्या लांब शेपटाला असं जोडकाम करावं लागतं. हे नवख्यांनी लगेच करू नये, विनोदी होऊन बसतं. विनोदीच हवं असेल तर अवश्य करा.

पायरी ८: उलटं लिहा

यादी तयार आहे, आता ओळ. इथे सगळे पहिली ओळ आधी लिहितात, मग दुसरीच्या शेवटी शब्द कोंबतात, आणि तो कोंबलेला लगेच दिसतो. उलट करा. यादीतला सगळ्यात अनपेक्षित पण विषयाला धरून असलेला शब्द निवडा, तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी ठेवून ती ओळ आधी लिहा, आणि मग साधा शब्द पहिल्या ओळीच्या शेवटी टाका. ऐकणाऱ्याला वाटतं साधा शब्द आधी सुचला आणि भारी शब्द आपोआप आला.

ऑफिसातल्या बर्थडेसाठी बघू. यादीत बुके आहे, बुफे आहे, डिले आहे, पे आहे. ऑफिस म्हटल्यावर पे आणि डिले, अजून काय हवं.

वुई ब्रॉट नो गिफ्ट अँड नो बुके,
बट हिअर इज केक, सो हॅपी डे.
मे ऑल युअर ट्रेन्स रन विदाउट डिले,
अँड मे द बॉस इन्क्रीज युअर पे.

महान कविता नाहीये, पण चारही शेवट पक्के आहेत: के, डे, ले, पे. आधीचं व्यंजन चारही ठिकाणी वेगळं, जोर चारही ठिकाणी शेवटी, एकही टुडे नाही. आणि ट्रेनवाली ओळ मी डिलेपासून उलटी लिहिलीय, मुंबईतल्या ऑफिसात ती हमखास चालते. पुण्यात असाल तर तिथे ट्रेनऐवजी ट्रॅफिक घाला, ओळ थोडी बदलावी लागेल.

लिहून झालं की फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मनात वाचताना आपण स्वतःला सूट देतो, रेकॉर्डिंग देत नाही. आणि जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, तो जिथे अडखळेल तिथे जोर चुकलाय.

सराव करायचा असेल तर पुढचा शब्द ‘टाइम’ घ्या, मध्यम श्रीमंत आहे. शेपूट ‘आइम’. व्यंजनांचा कागद फिरवलात की लाइम, डाइम, माइम, चाइम, राइम, क्राइम, प्राइम, ग्राइम, स्लाइम मिळतील. क्लाइंबचा शेवटचा बी मुका आहे तेव्हा तोही ह्यातलाच, आणि पिझ्झ्यावर टाकतात ती थाइम नावाची वनस्पती मात्र आवाजात हुबेहूब टाइम आहे, टी-एच असला तरी तिथे ‘ट’च म्हणतात, म्हणून ती राइम म्हणून बाद. लांब शब्दांत पॅराडाइम बघा, जोर पहिल्यावर आहे, म्हणजे पुन्हा बर्थडेचीच केस.